गमतीच्या साइटचा लिंकांचा कट्टा कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या साइटवर सुरुवातीला एकच बटण होतं. दाबलं की ‘तांबडा’ नाहीतर ‘पांढरा’ (रस्सा) असं उत्तर यायचं. आज त्याच पत्त्यावर कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजची माणसं वाचण्यासारखं काही सापडलं की त्याची लिंक टाकतात, मत देतात, चर्चा करतात. स्वतःची अशीच एखादी गमतीची साइट असणारे बरेच जण हा बदल कसा करायचा ते विचारत असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. लिंकांचा कट्टा म्हणजे नक्की काय? फेसबुक ग्रुप असताना हा कशाला?

सभासद लिंक टाकतात, बाकीचे तिला मत देतात, मतांनुसार लिंका वरखाली होतात आणि प्रत्येक लिंकखाली चर्चा चालते. एवढंच. ग्रुपमध्ये आज टाकलेली चांगली गोष्ट उद्या शोधून सापडत नाही आणि कुणाला काय दिसावं हे कंपनी ठरवते. कट्ट्यावर सगळ्यांना एकच पहिलं पान दिसतं आणि दोन वर्षांपूर्वीची लिंकही मिळते. गावाला स्वतःची आठवण हवी असेल तर ही सोय फार मोलाची आहे.

२. असं आधी कुणी केलं आहे का?

हो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या ड्रू कर्टिस यांचं ‘फार्क’ हे नेमकं उदाहरण आहे. डोमेन घेतल्यावर त्यावर बराच काळ एका खारीच्या गमतीदार चित्राखेरीज काही नव्हतं. १९९९ पासून तिथं बातम्यांच्या लिंका येऊ लागल्या. लिंक आणि तिचं चटकदार शीर्षक वाचक पाठवतात, पहिल्या पानावर काय जाईल ते संपादक ठरवतात. २००५ साली आलेल्या रेडिटनं ती निवड वाचकांच्या मतांवर सोपवली. या दोन पद्धतींपैकी कुठली धरायची हे आधी ठरवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. माझं मत: शेपाचशे माणसांच्या कट्ट्यावर मतं हवीतच, पण अंतिम हात संपादकाचा असावा.

३. माझ्या साइटवर लोक येतात, बटण दाबतात, हसतात आणि जातात. बदल करायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

एकच खूण बघा: लोक तुम्हाला न विचारता काहीतरी पाठवायला लागले आहेत का? ‘हे पण टाका की’, ‘हे बघितलासा काय’ असे मेसेज येत असतील तर माणसं तयार आहेत, फक्त जागा नाही. नुसत्या भेटींच्या आकड्यांवर जाऊ नका. एखादी गंमत व्हॉट्सॲपवर फिरली की आकडा एका रात्रीत चढतो आणि आठवड्यात उतरतो. त्या लाटेत आलेली माणसं गमतीसाठी आलेली असतात, एकमेकांसाठी नाही. मेसेज येत नसतील तर साइट आहे तशीच छान आहे. प्रत्येक खेळण्याचा कट्टा व्हायलाच हवा असं नाही.

४. जुनं बटण काढून टाकू का?

अजिबात नको. तेच तुमचं दार आहे. पत्ता बदलू नका आणि बटण पहिल्या पानाच्या माथ्यावर लहान करून ठेवा. दाबलं की आधीचं उत्तर येऊ दे आणि खाली आजची एक लिंक दिसू दे. ‘तांबडा’ वाचून हसणारा माणूस खाली ‘पंचगंगेवरच्या जुन्या घाटांचे फोटो’ बघतो आणि पुढं सरकतो. डोमेन बदलणं अगदीच भाग असेल तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचं, म्हणजे ३०१ प्रकारचं रीडायरेक्ट लावा, नाहीतर लोकांनी ग्रुपमध्ये टाकलेल्या जुन्या लिंका उघडणार नाहीत.

५. पान रिकामं आहे. रिकाम्या पानावर पहिली लिंक कोण टाकणार?

तुम्ही. आणि पुढचे कित्येक आठवडे तुम्हीच. रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीला खोट्या नावांची खाती काढून स्वतःच लिंका टाकल्या होत्या, हे त्यांनी नंतर उघड सांगितलं आहे. मी ते सुचवणार नाही. कोल्हापूर एवढं लहान आहे की कोण कुठं कसा बोलतो ते लोक ओळखतात आणि एकदा विश्वास गेला की तो परत मिळत नाही. आपल्या नावानं टाका. सोबत चार-पाच ओळखीचे असे घ्या की ज्यांचं वाचन एकमेकांपेक्षा वेगळं आहे: एक शेतीतला, एक फौंड्रीतला, एक विद्यापीठातला, एक खेळाचं वेड असलेला. सगळे आयटीतले असतील तर कट्टा आयटीचाच होतो.

काय टाकायचं? रोजच्या राजकीय बातम्यांनी सुरुवात करू नका. त्या सगळीकडे असतात आणि पहिल्याच आठवड्यात भांडणं आणतात. जे इथल्या माणसाला दुसरीकडे सहज सापडत नाही ते टाका: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज कुठं बघायची ते पान, शाहूकाळातल्या एखाद्या आदेशाचं स्कॅन, ऊसदराचा हिशेब नीट उलगडणारा लेख, खासबाग मैदानातल्या कुस्तीचा जुना व्हिडिओ. रोज थोड्याच लिंका टाका, पण एकही दिवस चुकवू नका.

६. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? सगळं नव्यानं लिहावं लागेल का?

नाही. ‘लेमी’ मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. ‘लॉबस्टर्स’ ही तंत्रज्ञांची साइट ज्या कोडवर चालते तोही खुला आहे. लहान सर्व्हरवर दोन्ही चालतात. निवडताना मराठी शोध नीट चालतो का आणि सगळी माहिती एका फाइलमध्ये बाहेर काढता येते का, एवढं तपासा. पहिल्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे, दुसऱ्याचं प्रश्न १८ मध्ये.

७. पहिल्या पानावर काय वर राहणार हे कसं ठरवायचं?

नुसती मतं मोजली तर पहिल्या महिन्यातली गाजलेली लिंक वर्षभर वरच बसेल. म्हणून वयाप्रमाणे लिंकचं वजन कमी करत न्यावं लागतं. ‘हॅकर न्यूज’ या तंत्रज्ञांच्या लिंक-साइटचं जाहीर झालेलं सूत्र सोपं आहे: मतांतून एक वजा करा (टाकणाऱ्याचं स्वतःचं मत), लिंक टाकून झालेल्या तासांत दोन मिळवा, त्या बेरजेचा १.८ वा घात काढा आणि पहिल्या संख्येला त्यानं भागा.

उदाहरण घेऊ. सकाळी टाकलेल्या लिंकला दहा तासांत २१ मतं मिळाली, तर गुण साधारण ०.२३. दुपारी टाकलेल्या लिंकला दोन तासांत ६ मतं, तर गुण साधारण ०.४१. नवी वर जाते. पण हे सूत्र दिवसाला शेकडो लिंका येणाऱ्या साइटसाठी आहे. आपल्याकडं दिवसाला वीस लिंका येतात आणि बरीच माणसं कामावरून घरी आल्यावर रात्री एकदाच बघतात. सकाळची चांगली लिंक त्यांना दिसलीच नाही तर काय उपयोग? घात १.२ वर आणा. मग त्याच दोन लिंकांचे गुण १.०१ आणि ०.९५ होतात, म्हणजे सकाळची थोडक्यात वर राहते. लहान कट्ट्यासाठी हेच योग्य. गर्दी वाढेल तसा घात हळूहळू वाढवा आणि वाढवलात की लोकांना सांगा.

८. एकच लिंक तिघांनी टाकली तर?

तिन्हींची मतं आणि चर्चा पहिलीत जमा करा. त्यासाठी पत्ता साठवण्याआधी धुवून घ्यावा लागतो: वाचक कुठून आला ते मोजायला पत्त्यामागं जोडलेली, ‘यूटीएम’नं सुरू होणारी आणि ‘एफबीक्लिड’सारखी शेपटं काढा, मोबाइलचा पत्ता मूळ पत्त्यावर आणा, यूट्यूबचा आखूड पत्ता लांब करा. पण सरसकट सगळीच शेपटं कापू नका. काही सरकारी साइटींवर कागदपत्राचा क्रमांक त्या शेपटातच असतो आणि तो गेला की भलतंच पान उघडतं. एकच बातमी पाच वर्तमानपत्रांत असेल तर ज्याचा बातमीदार घटनास्थळी होता त्याची लिंक ठेवा, बाकीच्या चर्चेत जोडा.

९. मराठीत शोधलं की काहीच सापडत नाही. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक तयार सॉफ्टवेअरमध्ये तो सुटलेला नसतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. काही कीबोर्ड त्यात स्वतंत्र ‘ऱ’ हे अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळं एकानं टाकलेली ‘कोल्हापूरच्या दुसऱ्या विमानतळाची’ लिंक दुसऱ्याला शोधून सापडत नाही. ‘ॲप’मधला पहिला स्वरही असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवलेली रूपं एका रूपावर आणणारं ‘एनएफसी’, लावाच. पण जोडचिन्हाचा ‘ऱ्या’ आणि दोन तऱ्हांचा ‘ॲ’ त्यानं एक होत नाहीत. त्यासाठी बदलाची एक छोटी यादी स्वतः लिहावी लागते: शोधाच्या प्रतीत सगळे पर्याय एका रूपावर आणायचे आणि दिसणारा मजकूर लिहिणाऱ्यानं लिहिला तसा ठेवायचा. ऱ्हस्वदीर्घाचंही तसंच. ‘कोल्हापुर’ शोधणाऱ्याला ‘कोल्हापूर’ सापडलं पाहिजे. शुद्धलेखन शिकवणं हे शोधपेटीचं काम नाही.

पानाच्या पत्त्यात देवनागरी घालावी का, असंही विचारतात. दिसायला सुंदर दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की बऱ्याचदा तिचं सांकेतिक रूप होतं. एका चिन्हाची नऊ होतात आणि ‘कोल्हापूर’ या एका शब्दाची ८१. व्हॉट्सॲपवर असा पत्ता आला की लोक त्याला फसवणूक समजतात. पत्त्यात नुसता क्रमांक ठेवा, देवनागरी शीर्षकात भरपूर वापरा.

१०. लिंकचं शीर्षक टाकणाऱ्यानं बदललं तर चालेल का?

बदलावंच, पण माहिती वाढवण्यासाठी. ‘तुम्हालाही धक्का बसेल! कोल्हापुरात नेमकं काय घडलं?’ हे मूळ शीर्षक असेल तर लेख वाचून ‘रंकाळ्याच्या पाण्यावर जलपर्णी वाढली, मनपाकडून काढण्याचं काम सुरू’ असं लिहा. नियम एका ओळीचा ठेवा: शीर्षक वाचून जे कळतं ते लेखात सापडलं पाहिजे. स्वतःचं मत शीर्षकात नको, त्यासाठी खाली जागा आहे. संपादकानं शीर्षक दुरुस्त केलं तर ‘शीर्षक बदललं’ अशी नोंद दिसू दे.

११. कोल्हापुरी बोली म्हटलं की शिव्या आल्याच. नियम करू तर मजा जाईल, न करू तर इस्कोट होईल. मग?

शब्दांची बंदी-यादी करू नका. आपल्याकडं प्रेमानं हाक मारतानाही जे शब्द येतात त्यातले निम्मे त्या यादीत जातील आणि खरा त्रास देणारा माणूस अगदी शुद्ध भाषेत अपमान करून निसटेल. बघायचं ते शब्द कुणावर रोखला आहे. ‘विषय हार्ड’, ‘नाद खुळा’, ‘काय लावलंईस गा’ हे सगळं चालू दे. जात, धर्म, बाई म्हणून किंवा घरच्यांवरून बोललेलं एकही वाक्य राहू देऊ नका, मग ते कितीही गमतीत असो. इथं बायका लिहीत नसतील तर कट्टा अर्धाच आहे, आणि पहिल्या महिन्यात जे खपवून घेतलं जातं त्यावरच त्या राहायचं की जायचं ते ठरवतात.

१२. फुटबॉलच्या सीझनमध्ये पेठापेठांची पोरं मिळून मतं टाकतात. ही फसवणूक धरायची का?

शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या संध्याकाळी हे होतंच. एका बाजूच्या गोलचा व्हिडिओ दहा मिनिटांत माथ्यावर येतो आणि दुसऱ्या बाजूचा तितक्याच वेगानं खाली जातो. यात दोन गोष्टी वेगळ्या काढा. पन्नास खरी माणसं आपापल्या मोबाइलवरून आपल्या संघाला मत देत असतील तर ती फसवणूक नाही, हौस आहे. एकाच माणसानं आठ खाती काढली असतील, किंवा तालमीच्या ग्रुपमध्ये लिंक टाकून ‘समोरच्याचं पाडा’ असा आदेश गेला असेल, तर ती फसवणूक.

पहिल्यासाठी उपाय सोपा आहे: सामन्याच्या दिवशी एकच धागा (चर्चेचं पान), त्या दिवसाच्या सगळ्या लिंका त्यातच. दुसऱ्यासाठी खालचं (लिंक खाली ढकलणारं) मत देण्याचा हक्क नव्या खात्याला लगेच देऊ नका आणि बाहेरच्या ग्रुपमधून थेट त्या लिंकवर येऊन दिलेल्या मतांचं वजन कमी धरा. ‘लॉबस्टर्स’वर प्रवेश फक्त निमंत्रणानं मिळतो आणि कुणी कुणाला आणलं हे सगळ्यांना दिसतं. आपल्याकडं ही पद्धत फार चांगली चालते, कारण ‘तू आणलेला माणूस असा वागला’ हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. ‘मेटाफिल्टर’ या लिंक-साइटनं २००४ पासून खातं काढायला पाच डॉलर लावले आणि खोट्या खात्यांना आळा घातला. पण गावच्या कट्ट्याला दारात पैसे मागू नयेत. ज्याच्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे तोच बऱ्याचदा बाहेर राहतो.

१३. पुराच्या दिवसांत नेहमीचे नियम चालतात का?

नाही. त्या दिवसांसाठी वेगळे नियम आधीच लिहून ठेवा, पाणी चढायला लागल्यावर नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. कुठला रस्ता सुरू आहे यावर लोकांचे जीव अवलंबून होते. अशा वेळी मतांवर चालणारं पान धोक्याचं असतं, कारण सगळ्यात भीतीदायक व्हिडिओला सगळ्यात जास्त मतं पडतात, आणि तो बऱ्याचदा जुना असतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात ‘आत्ताच’ म्हणून फिरतो. दरवाजे खरंच उघडलेले असतील, पण व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यात पाणी जास्त दिसतं.

नियम असे. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी गाठण्याआधीच मतांची क्रमवारी बंद करा आणि नवं आधी असं साधं पान लावा. प्रत्येक लिंकच्या शीर्षकात तारीख आणि वेळ सक्तीची करा. पातळी, विसर्ग आणि बंद रस्ते यांच्यासाठी प्रशासनाच्या माहितीची लिंक माथ्यावर पक्की बांधा. फोटोला जागा आणि वेळ नसेल तर तो थांबवून ठेवा. टाकणारा खरा असेल तर दोन मिनिटांत सांगतो. ४३ फूट ही धोका पातळी. त्यापुढं कट्ट्यावर फक्त कामाची माहिती: मदत कुठं हवी, कुठं मिळते, कुठला रस्ता सुरू. गप्पांचे धागे बंद ठेवा. पाणी उतरल्यावर जुनी क्रमवारी परत आणा आणि त्या दिवसांच्या लिंका एका पानावर जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच लिंका सगळ्यात उपयोगी पडतात.

१४. पेपरच्या कात्रणाचा फोटो किंवा ई-पेपरची पीडीएफ टाकली तर?

नको. लिंक देणं वेगळं आणि अख्खा मजकूर उचलून आपल्या साइटवर ठेवणं वेगळं. दुसरं स्वामित्वहक्काच्या कचाट्यात येतं आणि ज्या बातमीदारानं काम केलं त्याच्याकडं एकही वाचक जात नाही. दोन-तीन वाक्यांचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा आणि लिंक द्या. बातमी फक्त छापील अंकात असेल तर वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक पुरेसा आहे.

१५. कुणी बदनामीकारक लिंक टाकली तर गुन्हा माझ्यावर होईल का?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७९ दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबाबत मध्यस्थाला, म्हणजे तो दाखवणाऱ्या तुमच्यासारख्या साइटला, संरक्षण देतं, पण अटींवर. तुम्ही स्वतः मजकूर ठरवलेला नसावा, काळजी घेतलेली असावी आणि कळल्यावर हालचाल केलेली असावी. ‘कळणं’ म्हणजे काय हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केलं: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना. २०२१ च्या नियमांनुसार साइटवर वापराचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क ठळक द्यावा लागतो. लहान साइटवर तो अधिकारी तुम्हीच. तक्रार किती वेळात निकाली काढायची याच्या मुदती बदलत असतात, म्हणून नियमांची ताजी प्रत वाचा आणि एखाद्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. एक लक्षात ठेवा: प्रश्न १० प्रमाणे शीर्षक तुम्ही स्वतः बदललंत तर त्या शब्दांची जबाबदारी तुमचीच.

१६. दुकानदार स्वतःच्या दुकानाच्या लिंका टाकतात. काढू का? आणि साइटचा खर्च कसा निघणार?

स्वतःची लिंक टाकायला हरकत नाही, पण ‘हे माझं आहे’ असं लिहून, आणि तो माणूस इतरांच्या लिंकांवरही बोलत असेल तरच. गूळ कसा तयार होतो हे गुऱ्हाळवाल्यानंच दाखवलेला व्हिडिओ जाहिरात म्हणून काढणं चुकीचं ठरेल. नुसता दरफलक असेल तर काढा. सभासदांनी टाकलेल्या लिंकांना ‘यूजीसी’ किंवा ‘नोफॉलो’ हा (ही आमची शिफारस नाही असं शोधयंत्राला सांगणारा) गुणधर्म लावा म्हणजे गूगलमध्ये वर येण्यासाठी लिंका पेरणाऱ्यांचा हेतूच संपतो. पैसे घेऊन लावलेली जाहिरात वेगळ्या चौकटीत, ‘जाहिरात’ असं लिहून आणि मतांच्या क्रमवारीबाहेर ठेवा. सर्व्हरचा खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून निघत असेल तर जाहिरात घेऊच नका.

१७. नवं रूप आल्यावर जुनी माणसं चिडली. माघार घेऊ का?

कशावर चिडली ते बघा. रंग, अक्षर, बटणाची जागा यावरची चिडचिड निवते. पण त्यांच्या हातातली सत्ता गेली असेल तर ऐका. डिग या मतांवर चालणाऱ्या लिंक-साइटनं ऑगस्ट २०१० मध्ये चौथी आवृत्ती आणली, नावडलेली लिंक गाडण्याचं बटण काढलं आणि प्रकाशकांना आपोआप लिंका टाकायची मुभा दिली. वाचकांनी डिगचं पहिलं पान रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि बरेच जण तिकडंच गेले. २०१२ मध्ये डिगची विक्री झाली. मत देणं, लिंक टाकणं आणि चर्चा या तीन गोष्टींना हात लावायचा असेल तर आधी प्रस्ताव मांडा, जुनं आणि नवं काही दिवस शेजारी चालवा आणि परत जायचा रस्ता उघडा ठेवा.

१८. उद्या मला जमलं नाही आणि साइट बंद करायची झाली तर लोकांच्या लिंकांचं काय?

हे पहिल्याच दिवशी नियमांत लिहा. सगळ्या लिंका, शीर्षकं, तारखा आणि चर्चा एका फाइलमध्ये कुणालाही उतरवून घेता आली पाहिजे. ईमेल आणि फोन नंबर त्यात जाता कामा नयेत. डोमेनचं नूतनीकरण आणि सर्व्हरचे पासवर्ड आणखी दोन विश्वासू माणसांकडे ठेवा. साइट चालू असतानाही लिंका मरत असतात, मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांचे पत्ते तर फारच. म्हणून नवी लिंक आली की तिची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या, जुनी पानं जपणाऱ्या वेबॅक मशीनवर साठवायची सोय करा आणि मूळ लिंकशेजारी तिचाही पत्ता द्या. बंद करायचंच झालं तर आधी पुरेसा अवधी देऊन सांगा, नव्या नोंदी थांबवा आणि पान वाचण्यापुरतं उघडं ठेवा. सभासदांपैकी कुणी चालवायला तयार असेल तर बटणासकट त्याच्याकडं सोपवा.